सालोमेचे मार्क आणि माझा प्रयोग

पालकसभेत मान डोलवायची आणि प्रश्न विचारायचे नाहीत, असं नोहेमीनं मला शाळेच्या पायऱ्या चढतानाच बजावलं होतं. नोहेमी म्हणजे माझी बायको. पण आमच्या या डोंगरउतारावरच्या मानिसालेस शहरात शाळेत जायचं काय आणि पाव आणायला जायचं काय, आधी चढण येते. धाप लागलेल्या माणसाच्या कानात बायकोचं बोलणं शिरतं, मनापर्यंत पोचत नाही.

सभा नववीची होती. माझ्या हातात आमच्या सालोमेचं प्रगतिपुस्तक होतं. पाचपैकी तीन मिळाले की पास, असा हिशेब. गणितात ती काठावर तरंगत होती आणि रसायनशास्त्रात बुडाली होती. वर्षअखेर दोन्ही विषय गेले असते तर नववी पुन्हा करावी लागली असती. त्याची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर मला दुसरंच काहीतरी खात होतं. पोरीला कशाचं नवल वाटेनासं झालं होतं. एका सकाळी ज्वालामुखीनं आमच्या बाल्कनीवर राखेचा थर टाकला. आमच्याकडे हे अधूनमधून होतं, पण म्हणून काही रोजचं नाही. मी तिला हाक मारून दाखवलं. तिनं फोनमधून डोकं वर काढलं, बाल्कनीकडे पाहिलं, "हं" म्हणाली आणि डोकं परत खाली घातलं. पंधराव्या वर्षी ज्वालामुखीला नुसतं "हं"?

तर सभेत उपमुख्याध्यापिका बेरेनीसबाईंनी सांगितलं की मुलांचे मार्क घसरलेत आणि त्याचं कारण एकच आहे, फोन. मुलं वर्गात, जेवताना, बसमध्ये, कुठंही त्या व्हिडिओंत आणि ग्रुपमध्ये बुडालेली असतात. सगळे पालक असे डोलले की वारा सुटल्यावर बांबूचं बनच. दोघातिघांनी डोलता डोलता स्वतःचे फोनही पाहून घेतले.

मी नगराच्या पाणीखात्यात आहे. नदीला पाणी वाढलं असं कुणी म्हटलं की किती वाढलं आणि कशावरून, एवढं विचारण्याचा मला पगार मिळतो. इतक्या वर्षांत ती सवय हाडात मुरली आहे. माझा हात वर गेला. नोहेमीनं तो धरायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

मी विचारलं, "कशावरून?"

सगळं बन माझ्याकडे वळलं. मी जरा सावरून म्हणालो की फोन तर वर्गात पहिल्या आलेल्या मुलीकडेही आहे, मग तिचे मार्क का नाही गेले? मार्क जातात म्हणून मुलं फोन घेऊन बसतात की फोन घेऊन बसतात म्हणून मार्क जातात, हे कुणी तपासलंय का?

बेरेनीसबाईंना कित्येक महिने मॉनिटर मिळत नव्हता आणि आज मिळाला, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. नावाला "राव" लावावं तसं आमच्याकडचं "डॉन" लावून त्या म्हणाल्या, "फार चांगला प्रश्न आहे, डॉन एवेलियो. तुम्हीच शोधून काढा."

टाळ्या पडल्या. एका मिनिटात पालकांची चौकशी समिती नेमली गेली. मी अध्यक्ष. सदस्य कुणी व्हायला तयार नव्हतं, म्हणून समितीत एकवाक्यता मात्र पहिल्यापासून होती.

परत येताना चौकात आल्यावर नोहेमी म्हणाली, "गप्प बसायला तुला काय पैसे पडतात का रे?"

माझी योजना अगदी साधी होती. वर्गातल्या इच्छुक मुलांपैकी निम्म्यांनी एक सत्र फोन सोडायचा, निम्म्यांनी चालू ठेवायचा. सत्राच्या शेवटी दोन्ही गटांचे मार्क शेजारी शेजारी ठेवायचे. मी ती जेवताना सालोमेला उत्साहानं समजावून सांगितली. "हं," ती म्हणाली.

आमच्या इमारतीत बातमी जिन्यानं जात नाही, झिरपते. इमारत उतारावर आहे. रस्त्यावरून आत शिरलं की माणूस चौथ्या मजल्यावर असतो आणि बाकीचे मजले खाली दरीत. त्यामुळे वर काही सांडलं की खालपर्यंत ओल जातेच. दुसऱ्याच दिवशी बँकेतून निवृत्त झालेले डॉन लिबार्दो मला जिन्यात भेटले. प्रयोगाची वगैरे गरज नाही, मुलांना बुद्धिबळाला बसवा, असं त्यांचं मत पडलं. ते स्वतः बुद्धिबळ खेळत नव्हते, पण त्यांच्या एका सहकाऱ्याचा पुतण्या खेळायचा आणि तो आता कॅनडात होता. हे सांगताना त्यांनी पुतण्याचा फोटो शोधायला फोन हातभर लांब धरला आणि बराच वेळ तो त्यांना सापडेना.

ओफेलियाबाई आमच्या इमारतीच्या समितीच्या अध्यक्षा. त्यांच्याजवळच राहणारा त्यांचा नातू हेरोनिमो सालोमेच्याच वर्गात होता. त्यांनी मला घरात बोलावून लिंबू पिळलेलं गुळाचं गरम पाणी दिलं आणि उपायही दिला. फोन रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवायचा. तांदूळ फोनमधली ओल शोषून घेतो हे तर सगळ्यांना माहीत आहे. तसाच तो वाईट नादही शोषतो. मी विचारलं, मग त्या तांदळाचं काय करायचं? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पेला संपवून उठलो.

पहिली अडचण मी स्वप्नातही पाहिली नव्हती. फोन सोडायला मुलं तयार होणार नाहीत, असं मला वाटलं होतं. मुलं कटकट करत का होईना, तयार झाली. तयार होईनात ते पालक, आणि तेही उलट्या बाजूनं. आपलं मूल फोनशिवायच्याच गटात हवं, असा प्रत्येकाचा हट्ट. दुसऱ्या गटात कुणी मूल देईना. एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे विज्ञानासाठी माझ्याच मुलानं बिघडायचं?" मी म्हणालो की तो आत्ताही फोन वापरतोच ना. ते म्हणाले, आत्ता तो आपला आपण बिघडतोय, तेव्हा तो तुमच्या सांगण्यावरून बिघडेल.

शेवटी पातेल्यात चिठ्ठ्या टाकून सोडत काढली. सालोमेला निघाली "फोनसह". लगेच कुजबुज सुरू झाली की अध्यक्षांच्या मुलीला बरा फोन मिळाला. आणि घरी नोहेमीनं मला विचारलं की जगातली सगळी पोरं सोडून मी माझ्याच पोरीचा बळी द्यायला निघालोय का. दोन्ही बाजूंनी तक्रार आली की सोडत निष्पक्ष झाली असं समजायचं, अशी मी माझी समजूत घातली.

मग बेरेनीसबाईंनी शिक्षण खात्याची परवानगी आणायला सांगितलं. खात्याच्या खिडकीत एक अतिशय स्वच्छ नखांचा तरुण बसला होता. प्रयोग मोठ्यांवर असेल तर अर्ज इथं द्यायचा, प्राण्यांवर असेल तर वरच्या मजल्यावर. लहान मुलांवर असेल तर आधी पालकांची संमती, तीही नोटरीच्या शिक्क्यासकट. मी म्हणालो की प्रयोग म्हणजे काही टोचायचं वगैरे नाही, उलट निम्म्या मुलांना तर काहीच करायचं नाही. काहीच न करण्यालाही संमती लागते, तो म्हणाला, आणि खिडकीवर "जेवणाची सुट्टी" अशी पाटी लावली.

नोटरीच्या कचेरीत गर्दी होती. तिथल्या कारकुनाच्या संगणकात ठरावीक नमुने होते: गाडी विकल्याचा, लग्न झालेलं नसल्याचा, माणूस जिवंत असल्याचा. शाळकरी मुलांनी फोन न वापरण्याचा नमुना नव्हता. त्यानं मला विचारलं, "त्यात मुलाचं नाव हवं, आईवडिलांचं हवं आणि जबाबदार माणसाचं हवं, बरोबर?" मी म्हणालो, बरोबर. "मग आहे की एक तसा," तो म्हणाला. कारण तेवढं शेवटच्या ओळीत टाकतो म्हणाला. पालक एकेक करून आले, त्यांनी अंगठे टेकवले, सह्या केल्या. वाचलं कुणीच नाही. मीही नाही. कागदावर लाल शिक्का इतका देखणा उमटला होता की तो वाचणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

अकरा कागद झाले. गट समान व्हायला बारावं मूल हवं होतं. मी एका शनिवारी सकाळी कागद टेबलावर पंख्यासारखे मांडले, फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "अकरा मुलांचे कागद तयार आहेत. अजून एक मिळालं तर बरं. चौदा-पंधराचं असावं, मुलगा-मुलगी कुणीही चालेल. सोमवारपासून कामाला लावू."

समाधानानं मी कॉफी करायला गेलो. परत आलो तर उत्तर आलं होतं. एकच शब्द: "किंमत?" त्याखाली दुसऱ्यानं विचारलं होतं की घरपोच मिळेल का.

मी बुचकळ्यात पडलो. हे पालक मला नीट ओळखीचे वाटेनात. तेवढ्यात नोहेमी कामावरून जेवायला आली. ती प्रवास कंपनीत काम करते. तिनं पर्स ठेवता ठेवता टेबलावरचा एक कागद उचलला आणि तशीच उभी राहिली.

"एवेलियो," ती फार हळू म्हणाली, "तू अकरा मुलांना घेऊन कुठं चालला आहेस?"

मी म्हणालो, कुठंही नाही, रसायनशास्त्र आहे.

"हे मुलांना देशाबाहेर न्यायचं परवानगीपत्र आहे. आमच्याकडे रोज येतात असली. हे घेऊन तू आत्ता विमानतळावर गेलास ना, तर तुला कुणी अडवणार नाही."

मी कागद वाचला. वर ठळक अक्षरात तसंच होतं. खाली, शेवटच्या ओळीत, "कारण: फोन" एवढंच. मग मी तिला ग्रुप दाखवला. नोहेमीनं ग्रुपचं नाव मोठ्यानं वाचलं. तो पालकांचा ग्रुप नव्हता. तो आमच्या भागातला जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा ग्रुप होता. माझ्या मुलांच्या वर कुणाचा तरी फ्रीज होता आणि खाली मांजराची पिल्लं.

मी संदेश पुसला. पण तोवर कुणीतरी त्याचा फोटो काढून पुढं पाठवला होता, आणि पुढच्यानं त्याला शोभेल असा एक पांढऱ्या गाडीचा फोटो जोडला होता. माझ्याकडे गाडी नाही. मी बसनं जातो. जेवण होईपर्यंत तो संदेश शहरभर फिरला. पेरेराहून सासूबाईंचा आवाजी निरोप आला. त्या रडत होत्या. अडचण होती तर मला सांगायचं होतंस, एवढंच त्यातलं कळलं. डॉन लिबार्दोंनी दाराला साखळी लावून आतून विचारलं की तुम्ही एकटेच आहात का. आणि ओफेलियाबाईंनी तो संदेश "मातांनो, सावध राहा" असं वर लिहून स्वतःच्या सगळ्या बहिणींना पाठवला. त्या फोटोतल्या सर्वांत वरच्या कागदावर त्यांची स्वतःची सही होती. ती त्यांनी ओळखली नाही.

दुपारी पोलीस आले. मुलांच्या संरक्षणाचं पथक होतं. सार्जंट बाई होत्या आणि बोलायला फार सभ्य. त्या सभ्यतेनंच जास्त लाज वाटली. मी त्यांच्यामागून चार मजल्यांचे डोळे अंगावर घेत गाडीत बसलो. पाणीखात्यात माझी ज्येष्ठता आहे, माझ्या टेबलाला किल्लीचा खण आहे, हे त्या डोळ्यांपैकी कुणालाही त्या वेळी आठवत नव्हतं.

चौकीत मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. सार्जंटबाई लिहून घेत होत्या. "प्रयोग" या शब्दाला त्या थांबल्या. "मुलांवर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "अर्ध्या मुलांवर," मी घाईनं दुरुस्ती केली. त्यानं काही सुधारलं नाही.

मग नोहेमी आली आणि तिच्याबरोबर सालोमे. मला वाटलं पोरगी रडेल. तिनं खुर्ची ओढली, सार्जंटबाईंसमोर फोन ठेवला आणि शांतपणे एकेक गोष्ट दाखवू लागली. हा मूळ संदेश, तो अमुक ग्रुपवर पडला, तेव्हा त्यात गाडी नव्हती. गाडी या माणसाच्या संदेशापासून सुरू होते. आणि गाडीचा हा फोटो बघा, इथं दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच देशातल्या बातमीत आहे. नंबरप्लेट बघा, आपल्याकडची नाहीच. हा पालकांचा खरा ग्रुप, यात पप्पांनी प्रयोगाबद्दल एवढं लांबलचक लिहिलंय की कुणीच शेवटपर्यंत वाचलेलं नाही.

सार्जंटबाई मध्येच थांबवून विचारत होत्या आणि ती उत्तरं देत होती. तिला माहीत नव्हतं ते "माहीत नाही" म्हणत होती. मी माझी सुटका होते आहे हे विसरून तिच्याकडे बघत बसलो. कुठलीही गोष्ट अशी मुळापर्यंत उकलणं मी घरात कधी पाहिलं नव्हतं. ही पोरगी रसायनात नापास कशी होते, हा प्रश्न मला पहिल्यांदा खरा पडला तो त्या चौकीत.

पुन्हा मुलं गोळा करू नका, अशी ताकीद देऊन मला सोडलं. सालोमेनं खुलाशाचा एक व्हिडिओ करून टाकला. खोटा संदेश शहरभर गेला होता; खुलासा तिच्या वर्गापर्यंत आणि नोहेमीच्या एका मावशीपर्यंत गेला.

निम्म्या पालकांनी मुलं काढून घेतली. तरी सहा उरली, तीन इकडे, तीन तिकडे. बेरेनीसबाई म्हणाल्या की शिक्षण खात्याला आता आपण काही विचारायला नको, घरगुती पातळीवर होऊ द्या. माझीही तीच इच्छा होती. त्या खिडकीत तो संदेश पोचला असण्याची शक्यता होती.

फोनशिवायच्या मुलांची पहिली अडचण ही की शाळा गृहपाठ ग्रुपवरच पाठवायची. म्हणजे तो आता पालकांना उतरवून घ्यावा लागू लागला. हेरोनिमोसाठी ओफेलियाबाई ग्रुपमध्ये शिरल्या. सुरुवातीला त्या गृहपाठ बघून बाहेर यायच्या. मग त्यांना पाव फुगवण्याचा एक व्हिडिओ दिसला, मग दुसरा, मग एक म्हातारा आणि त्याचा नाचणारा पोपट. दोन आठवड्यांत इमारतीच्या समितीची बैठक त्यांच्याविना झाली आणि त्या आतल्या खोलीत असून त्यांना ते कळलं नाही. हेरोनिमो मात्र रिकामपणाला कंटाळून खालच्या गाड्या लावायच्या जागेत फुटबॉल खेळायचा, आणि डॉन लिबार्दोंची एक काच गेली. ते मला म्हणाले की फोन परवडला.

आमच्या घरात तर मला बोलायची सोय राहिली नव्हती. सालोमे "फोनसह" गटात होती, म्हणजे तिनं रोजच्यासारखा फोन वापरणं भाग होतं. एके संध्याकाळी ती चक्क पुस्तक वाचत बसलेली दिसली. प्रयोग बिघडणार म्हणून मी कळवळून म्हणालो, "अगं, आज फोन नाही घेतलास हातात?" खिडकी उघडी होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी चमचा पाडला.

सत्र संपलं. फोनशिवायच्या तिघांपैकी हेरोनिमोचे मार्क वाढले. एका मुलीचे पडले, कारण परीक्षेची तारीख बदलल्याचं तिच्या घरी कुणी पाहिलंच नव्हतं. तिसऱ्याचे होते तिथंच. फोनवाल्या तिघांतही एक वर, एक खाली. सालोमेचं रसायन जिथं बुडालं होतं तिथंच बुडलेलं.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. सगळं मांडलं आणि शेवटी म्हणालो की मला माहीत नाही. फोननं मार्क जातातही आणि येतातही, आणि का, ते मला कळलेलं नाही. मुलं थोडी होती, पद्धत कच्ची होती. आयुष्यात मी इतकं खरं बोललो नव्हतो. लोक उत्तर घ्यायला आले होते आणि मी त्यांना रिकामं ताट दिलं होतं. बेरेनीसबाईंनी माझे आभार मानले आणि म्हणाल्या की समितीच्या अभ्यासावरून विषय गुंतागुंतीचा असल्याचं दिसतं, तेव्हा फोन घातकच. टाळ्या पडल्या. माझी नेमणूक झाली तेव्हापेक्षा जास्त पडल्या.

सालोमेही आली होती. उतरताना ती माझ्या शेजारी चालत होती. नोहेमी पुढं गेली होती. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "पप्पा, रागवू नका. पण तुमच्या प्रयोगात एक चूक होती."

मी म्हणालो, एकच असेल तर मला आनंदच आहे.

"तुम्ही शिक्षण खात्याला विचारलंत, नोटरीला विचारलंत, ओफेलियाबाईंना विचारलंत. मला रसायन का जमत नाही ते मला नाही विचारलंत."

मी पायरीवरच थांबलो. मागून येणारी माणसं वळसा घालून जाऊ लागली. मग मी विचारलं.

"मला फळा दिसत नाही," ती म्हणाली. "म्हणजे दिसतो, पण पांढरे किडे दिसतात नुसते. रसायनाचे सर लिहितात आणि पुसतात. मग वालेरिया पहिल्या बाकावरून फोटो काढून पाठवते आणि मी तो मोठा करून बघते. म्हणून सारखा फोन हातात असतो. तोवर सर पुढं गेलेले असतात."

"आणि हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

तिनं जरा विचार केला. "मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. फळा लांबच असतो ना."

बाल्कनीतल्या राखेला ती "हं" का म्हणाली, ते मला आता कळलं. तिला ती दिसलीच नसावी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचा बदलत बदलत तपासलं आणि आमच्याकडे वळून सांगितलं की हे सगळं फोनमुळे. माझं तोंड उघडणार होतं, पण नोहेमीचा हात या वेळी वेळेवर पोचला. चष्मा आला. काळ्या काड्यांचा, तिच्या नाकापेक्षा जरा मोठाच. तो घालून ती पहिल्यांदा शाळेत गेली त्या दिवशी मी कामावरून मुद्दाम लवकर घरी आलो.

"दिसतं?" मी विचारलं.

"सगळं," ती म्हणाली. "अगदी बारीक आकडेसुद्धा."

"मग?"

तिनं दप्तर खाली ठेवलं. "आता अगदी स्पष्ट दिसतं, पप्पा, की मला त्यातलं काही कळत नाही."

पण ते ती हसत म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी तिनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यात कुठला तरी दूरचा मास्तर समीकरणं समजावत होता. ती थांबवायची, मागं न्यायची, वहीत करून बघायची. दोन्ही बाजू सारख्याच का हव्यात, मधला वायू उडून गेला तर तो कुठल्या बाजूला धरायचा, असं मला विचारायची. मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. कपाळाला आठी घालून ती माझ्याकडे बघायची, आणि ती आठी मला इतकी आवडायची की मी मुद्दाम जास्तच अडाणी व्हायचो. शेवटच्या सत्रात रसायन तीनच्या थोडं वर आलं. गणितानंही मान वर काढली. पोरगी दहावीत गेली.

डिसेंबरच्या सुट्टीत एका दुपारी नोहेमी आत नातिया आटवत होती, दूध आणि गुळाचा आमचा नाताळचा घट्ट गोड पदार्थ. मी सालोमेला विचारलं की तुला काय वाटतं, फोननं शेवटी अभ्यास होतो की बुडतो? मला वाटलं नेहमीचं "हं" येणार. पण ती खरंच विचार करत होती, चष्म्याची काडी चावत.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण शोधता येईल. फक्त या वेळी मोठ्यांवर करू या. मोठ्यांवर असेल तर नोटरी लागत नाही, तुम्हीच सांगितलं होतं. हेरोनिमोशी बोलले मी. त्याची आजी, डॉन लिबार्दो, आई आणि तुम्ही. एक महिना." तिनं हात पुढं केला. मी खिशातून फोन काढून तिच्या तळव्यावर ठेवला आणि मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की तो किती गरम होता.

मग तिनं अडचणीचा प्रश्न काढला. "पण पप्पा, मुलांचे मार्क असतात. तुमचे मार्क कशात मोजायचे?"

प्रश्न चांगला होता आणि मी त्यावर गंभीरपणे विचार करत होतो. तेवढ्यात नोहेमीनं कढईतला चमचा न थांबवता आतून तीन विषय सुचवले: न्हाणीघरातला गळका नळ, दर रविवारी तिच्या आईची विचारपूस, आणि समोरचं माणूस बोलत असताना ऐकणं. पहिल्या दोन विषयांत मी काठावर पास आहे, असं ती म्हणाली. तिसऱ्याबद्दल मी तिला पुन्हा विचारलं, कारण ते मला नीट ऐकू आलं नव्हतं.